विमान शिकण्यापूर्वी : कान, डोळे आणि एक खरे उत्तर

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी शेलू स्थानकाजवळच्या नव्या वसाहतीतील एक कुटुंब दवाखान्यात आले. आजारी कोणी नव्हते. सतरा वर्षांच्या मुलाला विमान चालवायला शिकायचे होते आणि प्रवेशासाठी डॉक्टरांचे ‘फिटनेस सर्टिफिकेट’ हवे होते. वडील रेल्वेत लोको पायलट. ‘घरात एक पायलट आहेच, आता दुसरा होऊ दे,’ असे आई हसत म्हणाली. फीच्या पहिल्या हप्त्याची तारीख आठ दिवसांवर आलेली होती आणि त्यासाठी गावाकडच्या जमिनीचा एक तुकडा विकण्याचे ठरले होते.

मी सर्टिफिकेट लिहिले नाही. वाचकहो, यामागचे कारण सविस्तर सांगावेसे वाटते. कारण नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून आपल्या कर्जत-खालापूर भागातील अनेक घरांत हाच विषय निघू लागला आहे. मी साधा एमबीबीएस डॉक्टर. शाळेच्या सहलीसाठी, पोलीस भरतीच्या सरावासाठी माझा शिक्का चालतो. वैमानिकासाठी चालत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नेमलेल्या वैद्यकीय परीक्षकांनीच ही तपासणी करावी लागते. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो, खाजगी वैमानिकाचा सतराव्या वर्षी आणि व्यावसायिक परवाना अठराव्या वर्षी. पहिल्या दोहोंसाठी ‘क्लास टू’ तपासणी पुरते; पगारी वैमानिक व्हायचे असेल तर अधिक कडक अशी ‘क्लास वन’ तपासणी लागते. पहिल्या क्लास वन तपासणीसाठी उमेदवार परंपरेने हवाई दलाच्या केंद्रांत जात आले आहेत. त्यांत बंगळुरूची एरोस्पेस मेडिसिन संस्था नावाजलेली.

तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी वैद्यकीय तपासणी, मग फी. ज्याला पुढे व्यावसायिक परवाना घ्यायचा आहे त्याने तर क्लास वनचाही निकाल हाती येईपर्यंत मोठी रक्कम कोठेही भरू नये. बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर अशा ठिकाणी आपल्या राज्यात प्रशिक्षणाची सोय आहे आणि संस्था प्रवेशाची घाई करतात, हा त्यांच्या व्यवसायाचा भाग झाला. जमीन मात्र एकदा विकली की परत येत नाही. वडिलांना हे चटकन पटले. रेल्वेत गाडी चालवणाऱ्याची डोळ्यांची तपासणी किती कसोशीने होते हे त्यांना ठाऊक होते. ‘आमच्याकडे ए-वनला माणसे डोळ्यांवरच अडकतात, डॉक्टरसाहेब,’ असे ते स्वतःच म्हणाले.

डोळ्यांपासूनच सुरुवात करू या. चष्मा असला की वैमानिक होता येत नाही, ही समजूत जुनी आणि चुकीची आहे. चष्म्याने किंवा लेन्सने दृष्टी नियमात बसत असेल तर चालते. उड्डाणाच्या वेळी दुसरा, जादा चष्मा जवळ ठेवावा लागतो एवढेच. लेझरने नंबर घालवण्याचा विचार असेल तर तो तपासणीच्या तोंडावर करू नये. शस्त्रक्रियेनंतर नंबर स्थिर झाला आहे याची खात्री होईपर्यंत परीक्षक थांबायला लावतात आणि एवढ्या कोवळ्या वयात नंबर वाढतच असतो. खरी अडचण रंगांची. हिरवा आणि लाल यांतील फरक न कळण्याचा दोष जन्मजात असतो. तो आईकडून मुलाकडे येतो आणि मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. ज्याला तो आहे त्याला तो जाणवत नाही, कारण त्याने जग कधी वेगळे पाहिलेलेच नसते. ठिपक्यांत दडलेले आकडे ओळखण्याचे इशिहारा नावाचे पुस्तक कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे असते; पाच मिनिटांत निर्णय लागतो. मामा किंवा आईचे वडील रंगांत गफलत करत असतील, तर ही पाच मिनिटे अगदी आज काढावीत. या मुलाने सगळे आकडे अचूक वाचले.

आता कान. विमान शिकणाऱ्या नवख्याला सर्वांत जास्त त्रास कान देतो, आणि तो समजून घेण्यासाठी आपल्याला कोठे दूर जावे लागत नाही. नेरळहून टॅक्सीने माथेरानला दस्तुरी नाक्यापर्यंत चढताना मध्येच कानात ‘फट’ होते, आणि उतरताना कान दडे बसल्यासारखे होतात, हा अनुभव प्रत्येकाला आहे. माथेरान सुमारे ८०० मीटर, म्हणजे २,६०० फुटांवर आहे. प्रशिक्षणाची छोटी विमाने पुष्कळदा जमिनीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर घिरट्या घालतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या कानाला रोज माथेरानची एक फेरी होते. फक्त घाटाला लागणारा वेळ विमानाला लागत नाही.

कानाच्या पडद्याआड हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला नाकाच्या मागच्या बाजूशी जोडणारी एक बारीक नळी असते. वर जाताना आतली हवा प्रसरण पावते आणि त्या नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना उलटे होते : बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो, आणि हवेला आत जाण्यासाठी ती नळी उघडावी लागते. ती एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना उघडते. म्हणूनच विमान उतरताना गोळी चघळण्याची पद्धत पडली. पण सर्दी झाली असेल तर नळीचे तोंड सुजलेले असते. मग वर जाणे विनासायास होते आणि खाली येताना पडद्यावर ताण पडून असह्य कळ येते, क्वचित पडद्याआड रक्त साकळते, चक्कर येते. प्रवासी असाल तर डोळे मिटून बसता येते. उतरणारे विमान आपल्याच हातात असेल तर काय होईल, याची कल्पना करावी.

सर्दीत उड्डाण करू नये, हा नियम मी या मुलाला तीन वेळा म्हणून दाखवला. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, गाल न फुगवता हळूच हवा दाबून पाहावी. दोन्ही कान मोकळे झाले नाहीत तर त्या दिवशी जमिनीवर राहावे. जोर मात्र लावू नये. उतरताना दुखण्याची वाट न पाहता सुरुवातीपासूनच वरचेवर गिळत राहावे. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या पालकांसाठी : उन्हाळ्यात आपली मुले उल्हास नदीत तासन्‌तास डुंबतात, आणि पावसाळा लागता लागता ज्यांचे कान वाहू लागतात अशी चार-दोन मुले दरवर्षी माझ्यासमोर येतात. थेंब घालून कान कोरडा झाला की आई-वडील तो विषय विसरतात. पडद्याला छिद्र राहून गेले असेल तर ते वैमानिकाच्या तपासणीत उघडे पडते. ते पंधराव्या वर्षी कळले तर उपचाराला वेळ असतो.

हेडफोनबद्दलही बोलायला हवे. शेलूहून मुंबईपर्यंत लोकलमध्ये गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज पूर्ण चढवून दीड तास गाणी ऐकणारी मुले आपण रोज पाहतो. अशा आवाजाने बिघडणारा कान आधी तीक्ष्ण स्वर गमावतो. बोलणे ऐकू येत असते, म्हणून घरात कोणाला संशय येत नाही; श्रवणचाचणीच्या आलेखावर मात्र ४,००० हर्ट्झजवळ खड्डा दिसतो. तो भरून येत नाही.

मळमळण्याविषयी मुलगा लाजत लाजत विचारू लागला. कर्जतहून खोपोलीला बसने जाताना त्याला लागते. त्याला मी सांगितले, पहिल्या काही उड्डाणांत पुष्कळ जणांना लागते, आणि बहुतेकांचे सरावाने जाते. डोळे एक सांगतात, अंतर्कर्ण दुसरे सांगतो, आणि मेंदू गोंधळतो. नजर लांब क्षितिजावर ठेवावी, डोके कमीत कमी हलवावे, तोंडावर हवा घ्यावी. प्रशिक्षकाला लगेच सांगावे. तो रागावत नाही, विमान सरळ करतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात आणि छोटे विमान होडीसारखे हेलकावते. म्हणून पहाटेची उड्डाणे नवख्याला मानवतात. पण बसच्या प्रवासाआधी घेतो ती ॲव्होमिनची गोळी येथे घ्यायची नाही. तिने उलटी थांबते आणि झोप येते.

औषधांची गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडे सर्दीची गोळी औषध समजलीच जात नाही. किराणा दुकानातही ती मिळते. तिच्यात बहुधा असे घटक असतात की ज्यांनी प्रतिक्रिया मंदावते, आणि घेणाऱ्याला ते जाणवत नाही. मला झोप आली नाही, म्हणजे मी ठीक आहे, हा तर्क येथे चालत नाही. अमेरिकेतील विमान वाहतूक प्रशासनाने यासाठी एक सोपा हिशेब दिला आहे : दोन डोसांमधील अंतराच्या किमान पाचपट वेळ शेवटच्या डोसनंतर जाऊ द्यावा. आठ तासांनी घ्यायचे औषध असेल तर ४० तास. काही औषधांना यापेक्षाही अधिक वेळ लागतो. आणि ज्या आजारासाठी ते घेतले तोच आजार अजून असेल, तर औषध उतरले तरी उड्डाण नाहीच.

मद्याबाबत आपला नियम स्पष्ट आहे : उड्डाणाआधीचे १२ तास एक थेंबही नाही. सतरा वर्षांच्या मुलासमोर हे बोलताना आई किंचित अवघडली. पण खोकल्याची काही सिरपे, तोंड धुण्याची काही द्रावणे आणि होमिओपॅथीचे काही द्रव अर्क यांतही अल्कोहोल असते, हे सांगितल्यावर तिने पर्समधून चष्मा काढला आणि कागदावर लिहून घेतले.

खाण्याचे साधे आहे. उपाशीपोटी उडू नये. श्रावणी सोमवार, नवरात्र, चतुर्थी यांचा मी आदर करतो, पण निर्जळी उपवास आणि उड्डाण एका दिवशी ठेवू नये; साखर उतरलेला मेंदू कामात चुकतो. पोहे, उपमा, भाकरी, जे घरात होते ते थोडे खाऊन जावे. झणझणीत मिसळ त्या दिवशी टाळावी, कारण उंचीवर पोटातला वायूही फुगतो. माथेरानच्या उंचीवर साधारण दहा टक्के, ८,००० फुटांवर जवळपास एक तृतीयांश. दहा टक्क्यांनी कोणाचे पोट फुटत नाही, हे मीही मान्य करतो. पण पट्टा आवळून तासभर बसायचे असते. पाण्याकडे मात्र लक्ष द्यावे. विदर्भातील उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवायच्या चिमुकल्या कॉकपिटात बसणे म्हणजे काय, हे उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बसून पाहावे. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणारी मुले मूतखडा ओढवून घेतात, आणि मूतखडा निघाला की तो जाईपर्यंत परीक्षक पुढे जाऊ देत नाहीत.

पाळीचे दिवस उड्डाणाला आड येतात का, असे मुलींच्या आया विचारतात. येत नाहीत. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली केवळ स्त्रिया असलेल्या चमूसह कोलकाता ते सिल्चर विमान नेले, त्याला आता चार दशके झाली. मुलींबाबत मला काळजी वाटते ती रक्ताची. हिमोग्लोबिन कमी असेल तर उंचीवर प्राणवायूची तूट लवकर जाणवते. ते तपासून, लोह घेऊन, दोन-तीन महिने आधी भरून काढावे. धूम्रपान करणाऱ्याचीही स्थिती तशीच; त्याच्या रक्तातील काही जागा धुराच्या कार्बन मोनॉक्साइडने आधीच अडवलेली असते, म्हणजे तो जमिनीवर असतानाच थोडा उंचीवर असतो.

ढगांविषयी मी जरा जास्तच बोललो, असे नंतर वाटले. पण शेलूत राहणाऱ्याला ते समजावणे सोपे असते. आषाढात खिडकीतून माथेरानचा कडा स्वच्छ दिसत असतो आणि चहा संपेपर्यंत नाहीसा होतो. अशा पांढऱ्यात विमान शिरले की क्षितिज जाते, आणि क्षितिज गेले की माणसाचा तोल जातो. आपल्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नळ्या वळण सुरू झाल्याचे सांगतात. पण एकाच वेगाने वळत राहिले तर साधारण पंधरा-वीस सेकंदांत त्या गप्प होतात. विमान वळत असते आणि वैमानिकाला ते सरळ चालले आहे असे ठामपणे वाटते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली यावर प्रयोग झाला. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचे शिक्षण न घेतलेल्या २० जणांना, बाहेरचे काही दिसू न देता विमान हाताळायला दिले. प्रशिक्षक अर्थात शेजारी होता. वीसही जणांचा ताबा सुटला. कोणाचा २० सेकंदांत, कोणाचा ४८० सेकंदांत. सरासरी १७८ सेकंद. पुढे उपकरणे पाहून मागे वळण्याची पद्धत शिकवल्यावर जवळजवळ सर्वांना ते जमले. त्यांचा कान पहिल्या दिवशीही निरोगीच होता. निरोगी कानच येथे फसवतो, आणि म्हणून खाजगी परवाना शिकणाऱ्याने ढगांपासून लांब राहायचे असते.

एवढे सर्व होईपर्यंत मुलगा वजन करायला आत गेला होता. तेव्हा आईने आवाज खाली आणला.

‘डॉक्टर, एक विचारू? तो पाचवीत असताना शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पडला होता. हातपाय झटकले होते म्हणे. तेव्हा दोन वर्षे गोळ्या दिल्या. नंतर काहीच नाही झालं. ते जुनं तिकडे फॉर्मवर लिहायलाच हवं का?’

वडील खाली पाहत होते. हा प्रश्न घरात आधीच झालेला होता, हे दिसत होते.

मी म्हणालो, ‘ताई, लिहायलाच हवं.’

त्यांची भीती मला समजते. आकडी हा शब्द कागदावर आला की दार मिटेल, हे त्यांचे भय अगदी खोटे नाही. अपस्मार सिद्ध झाला तर वैमानिक होता येत नाही, आणि हा नियम कठोर वाटला तरी योग्य आहे. हवेत विमान बाजूला थांबवण्याची सोय नसते. पण त्या दिवशी झाले ते अपस्मारच होते का, हे कोणी नीट पाहिले होते? प्रार्थना, ऊन, उपाशीपोट, बराच वेळ ताठ उभे राहणे. अशा वेळी मुले साधी मूर्च्छा येऊनही पडतात. आधी डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, आणि पडल्यावर काही सेकंद हातपाय झटकलेही जातात. पाहणाऱ्याला ती आकडीच वाटते. मूर्च्छेतून उठलेले मूल मिनिटभरात ओळखीचे बोलू लागते. अपस्माराच्या झटक्यानंतर ते बराच वेळ भ्रमिष्टासारखे, गुंगीत असते. जीभ बाजूने चावलेली असू शकते, कपड्यात लघवी होऊ शकते. लहानपणी तापात येणारी आकडी आणखी निराळी. ती सहसा पाच-सहा वर्षांच्या वयानंतर येत नाही आणि तिला अपस्मार म्हणत नाहीत. पाचवीतले मूल मात्र त्या वयाच्या पुढचे, त्यामुळे तो खुलासा येथे लागू नव्हता.

लपवले तर काय होईल, हेही मी सांगितले. कदाचित काहीच होणार नाही. मुलगा तपासणीत उत्तीर्णही होईल. मग पुढे आयुष्यभर प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी त्याला तेच खोटे पुन्हा लिहावे लागेल, आणि एखाद्या दिवशी शेजारच्या दवाखान्यातील जुना कागद निघाला की परवाना जाईल तो फसवणुकीसाठी. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीचे विमान आल्प्स पर्वतात कोसळून १५० माणसे गेली. सहवैमानिकाने ते मुद्दाम खाली नेले होते, आणि डॉक्टरांनी त्याला कामास अयोग्य ठरवल्याचे त्याने कंपनीपासून लपवले होते. हे उदाहरण टोकाचे आहे, आणि या मुलाची तुलना त्या माणसाशी करण्याचा माझा हेतू नव्हता. तरी मी ते सांगितले, कारण मन असो की शरीर, वैमानिकाच्या तपासणीचा सारा डोलारा त्याने स्वतः दिलेल्या उत्तरांवर उभा असतो. नैराश्य, झोप न लागणे, घबराट यांसाठी घेतलेले उपचारही असेच सांगावेत. उपचार घेऊन बरा झालेला माणूस परीक्षकाला चालू शकतो; लपवणारा चालत नाही.

मुलाला आत बोलावले आणि त्याच्यासमोर सर्व पुन्हा सांगितले. त्या दिवसाचे त्याला काय आठवते, असे विचारले. ‘समोरच्या मुलाचा शर्ट एकदम काळा दिसायला लागला. मग बाई पाणी मारत होत्या. मी त्यांना म्हटलं, माझं दप्तर कुठंय?’ हे ऐकून मला थोडी आशा वाटली, पण आशेवर सर्टिफिकेट लिहिता येत नाही. जुने कागद शोधा, त्या वेळी मेंदूचा आलेख काढला असेल तर तो आणा, आणि मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, असे सांगून मी चिठ्ठी दिली.

कागद आजीच्या पेटीत, गावी निघाले. आलेख त्यांत होता. तज्ज्ञांनी तो पाहिला, हृदयाचा आलेख काढला, आणि मेंदूचा नवा आलेख रात्रभर जागवून काढायला सांगितला आहे. तो पुढच्या आठवड्यात होईल. त्यांचे मत लेखी घेऊन मग क्लास टूच्या परीक्षकांकडे जायचे, असे ठरले आहे. ते काय म्हणतील, हे मी आज सांगू शकत नाही, आणि मुलालाही मी खोटा धीर दिलेला नाही. फीची तारीख उलटून गेली. संस्थेने पुढच्या तुकडीत घेऊ असे कळवले. जमीन अजून आहे.

मुलगा मधल्या काळात हवामानशास्त्राचे पुस्तक वाचतो आहे. तो विषय खाजगी परवान्याच्या लेखी परीक्षेत असतो. परवा कान दाखवायला आला होता. उजव्या कानात मळ घट्ट बसला होता, तो काढून दिला, आणि घरातल्या सेफ्टी पिना कानापासून दूर ठेवण्यास आईला सांगितले.